कादंबरीत दिलेली माफी परत घेण्याबाबत

मी, कपडे दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणी बळजबरी केलेली नाही. माझ्यावर बळजबरी करणारा अजून जन्माला यायचाय.

१. दुकान, दोन्ही शिलाई मशीन आणि वाफेची इस्त्री माझ्या नातीला. तिने पाटी बदलावी, भिंती हव्या त्या रंगवाव्यात. माझ्या कात्रीने कागद मात्र कापू नये.

२. वरचं घर माझ्या एकुलत्या एक लेकीला. अट कलम ४ मध्ये आहे. लेक लेखिका आहे. देश सोडून इथे आलेल्या आमच्या घरातल्या बायकांवर, माझ्या आईपासून नातीपर्यंत, तिने जाडजूड कादंबरी लिहिली. बक्षीसही मिळालं. त्यात माझी आई खिडकीत बसून गोधडी शिवते आणि उसासे टाकते. माझ्या आईने जन्मात गोधडी शिवली नाही. ती पुरुषांच्या पँट आखूड करायची आणि टाचण्या तोंडात धरून शिव्या हासडायची. तेही एक वेळ चाललं असतं. पण शेवटच्या प्रकरणात लेकीने मला मरणाच्या पलंगावर निजवलं आणि माझ्या धाकट्या भावाला माझ्याकडून माफी देववली. वाचणारे ढसाढसा रडले म्हणे.

३. भावाला काहीही नाही. आईने लोकांच्या फरश्या पुसून हे दुकान उभं केलं, त्याला शिकवलं, गल्ल्यावर बसवलं. एक बडं गिऱ्हाईक आलं तेव्हा आई कोटाला बटण लावत होती. भावाने इथल्या भाषेत सांगितलं, ही आमच्याकडची मोलकरीण, आणि मध्ये पडदा ओढला. मी तिथेच होते. पुढे तो बड्या नोकरीवर निघून गेला, दुकान आम्ही मायलेकींनी चालवलं. मी भांडायला गेले की त्याचं एकच पालुपद, आईला भाषा कुठे येते, तिला कळलंसुद्धा नाही.

कादंबरी आल्यावर हा गृहस्थ फुलं घेऊन दारात. "ताई, तू माफ केलंस. वाचलं मी." मला मिठी मारली, डोळे पुसले आणि हलका होऊन गेला. माझ्या अंत्यविधीला दोन शब्द बोलणार आहे म्हणे.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात राग लिहीत नसतात. मग कुठे लिहू?

४. अट अशी: भाऊ बोलायला उभा राहण्याआधी लेकीने पुढचा मजकूर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. तिला सभेत वाचायची सवय आहेच. एक शब्द जरी गाळला, तर घरही नातीला.

"भाऊ, मी तुला माफ केलेलं नाही. आणि आईला कळलं होतं. ज्या घरांत ती फरश्या पुसायची तिथे तिला कुणी नावाने हाक मारली नाही, तू वापरलास त्याच 'मोलकरीण' शब्दाने मारली. इथल्या भाषेतला तिला आलेला पहिला शब्द तोच. तू पडदा ओढलास, तिने बटण पुरतं लावलं, दोरा दाताने तोडला आणि मला म्हणाली, 'कळलं मला. त्याला सांगू नकोस, मनाला लावून घेईल.' ती असेपर्यंत नाही सांगितलं, मी असेपर्यंतही नाही. आता सांगतेय. घे लावून."

हे सगळं मी पुन्हा वाचून पाहिलं आणि साक्षीदारांदेखत सही केली.

सही: दुकानाची मालकीण
साक्षीदार: समोरचा किल्लीवाला, शेजारची नर्सबाई
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ४ मार्च, सोमवार