रिकामी केलेली डार्करूम

बाबा, बाथरूममध्ये दोरीवर फिल्मचा रोल वाळत घातलाय आणि धूळ बसू नये म्हणून मी दार उघडत नाहीये. बाहेरून तुमची नात ओरडतेय, "मम्मी, अजून किती वेळ? मला क्लासला उशीर होतोय!" इंद्रलोकमधल्या आमच्या या फ्लॅटभर हायपोचा, फिल्म धुवायच्या त्या रसायनाचा, वास पसरलाय. फोनवर दिवसाला शंभर फोटो काढता येत असताना मी तुमचा कॅमेरा माळ्यावरून का काढला, हे तिला कळत नाही. मी तिला सांगितलंय, छंद म्हणून.

हा दुसरा रोल. पहिला सगळा कोरा निघाला, कारण तो नीट अडकलाच नव्हता आणि मी नुसतीच बटण दाबत राहिले होते. काशीगावच्या त्या हळदीत फोटो काढतानाही माझं असंच झालं होतं. मी कॉलेजात आहे, मांडवात माणसं दाटलीत, तुम्ही माझ्या हातातून कॅमेरा घेता, रोल सरकला की फिरणारी डावीकडची खुंटी बघता आणि चारचौघांत ओरडता, "रोल सरकतोय का एवढंही बघता येत नाही? यांच्या घरात ही हळद पुन्हा होणार आहे का?" आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

पण डब्यांच्या वेळी तुम्ही ओरडला नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही आठवडाभर घरी होतात. डिजिटल कॅमेरा आलेला, आपल्या स्टुडिओत कॉम्प्युटर आणि प्रिंटर ठेवायला जागा हवी होती, म्हणून मी डार्करूम रिकामी केली. निगेटिव्हचे सगळे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर तुमच्या अक्षरात गावाचं नि घराचं नाव, भंगारवाल्याला दिले. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता. काळा चष्मा लावून तुम्ही परत आलात आणि दारातच थांबलात. "डबे कुठे ठेवलेस?" मी म्हटलं, "कोण विचारतंय आता त्यांना, बाबा?" तुम्ही स्टुलावर बसलात.

विचारणारी चार महिन्यांनी आली. पेणकरपाड्याची काकी. नवरा गेलेला, घरात पाणी शिरून लग्नाचा फोटो फुगून गेलेला. "तुमचे कडं काच असंल ना त्याची?" निगेटिव्हला ती काच म्हणायची. मी तिथेच कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी निळी करत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. हात जोडून म्हणालात, "माझ्याच हातून गहाळ झाली, काकी. माफ करा." ती चपला घालून गेली. मी मान वर केली नाही. मग तुम्ही आत चहा ठेवायला गेलात आणि माझ्यासाठीही एक कप आणलात. तो मी प्यायले, बाबा.

तुम्ही गेल्यावर स्टुडिओही चालेना, विकला. पण गेल्या महिन्यात बाजारात काकी दिसली, काठी टेकत चाललेली, आणि मला राहवेना. म्हणून हा कॅमेरा. तुमच्याच पद्धतीने तिचा एक फोटो काढायचा आणि तेव्हाच खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून परवा मी पेणकरपाड्याला गेले. तिच्या घराच्या जागी आता बिल्डिंग आहे, ती तळमजल्यावर राहते. ओळख सांगितल्यावर तिने माझा हातच धरला. "फोटूवाल्याची पोर ना गो तू? तुजा बापूस लय भला मानूस व्हता." मग जरा हसून म्हणाली, "पन इसराला. आमचे ह्यांचा येकच फोटू, तो पन हरवला त्यानं."

मी "हो" म्हणाले. म्हटलं, "हो काकी, बाबा विसरायचेच." आणि तिला उजेडाकडे तोंड करून बसायला सांगितलं.

फोटो चांगला आलाय. गालावरच्या सुरकुत्या, डोक्यावरचा पदर, सगळं लख्ख. उद्या प्रिंट करून तिला नेऊन देणार आहे आणि या वेळी नक्की सांगणार आहे. पण तुमच्यापाशी तरी खरं बोलते, बाबा. परवाही मी घरातून हेच म्हणत निघाले होते.