काटा खाली आला तेव्हा

उस्ताद, ढाणकीत तुमच्या गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि मी उमरखेडला एका खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. नववीत शाळा सोडून तुमच्याकडे आलो, पहिल्याच दिवशी तुमच्या पाटीवरची चूक सुधारली, आणि तुम्ही मला कायमचं 'मास्तर' करून टाकलं. कॉम्प्युटर मी नंतर मोबाइलवर बघून शिकलो. काम तुम्हाला कळेल असंच आहे: दुसऱ्याने केलेली दुरुस्ती तपासायची.

आम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्यांसाठी एक यंत्र करतो. कापसात ठिणगी दिसली की ते भोंगा वाजवतं आणि पंखे बंद करतं. त्याचा प्रोसेसर कुठल्या कामात किती वेळ घालवतो, ते मोजायला वेगळा प्रोग्रॅम आहे, प्रोफायलर. तो मधूनच अशक्य मोठे आकडे दाखवायचा. सहकाऱ्याने दुरुस्ती पाठवली, चारच ओळींची: ठरावीक मर्यादेपुढचा आकडा आला की चुकीचा समजून टाकून द्यायचा. सगळ्या चाचण्यांना हिरवा दिवा मिळाला. आज सकाळी मी त्या ओळी तीनदा वाचल्या, स्वल्पविरामसुद्धा तपासले, आणि मंजुरी दिली. त्या आकड्यांवर यंत्र पास झालं आणि दुपारी गाडीत बसून मारेगावच्या जिनिंगकडे निघालंही.

जेवताना ती काळी-पिवळी आठवली. भर उन्हात जीप दारात उभी आहे, आत माणसं कोंबलेली, ड्रायव्हर ओरडतोय. गरमीचा काटा लाल पट्ट्यात. मी मीटरमागची तार सोडवतो, काटा झरकन खाली येतो आणि मी "झालं" म्हणतो. तुम्ही चहाचा ग्लास ठेवून येता, बॉनेट उघडता, रेडिएटरच्या टाकीवर पंजा ठेवता आणि झटक्यात मागे घेता.

"काटा खाली आला म्हनून इंजन थंडं झालं काय बे, मास्तर?"

"मले वाटलं झालं, उस्ताद."

"वाटलं! बारा मानसं बसून राह्यली आतमंदी. हात लावून पाह्यचं, मंग बोलाचं."

जेवण तसंच ठेवून मी उठलो. टेबलावर तसंच दुसरं यंत्र आहे. त्याच्यापुढे वीस वेळा लायटर पेटवला. अठरा वेळा भोंगा लगेच वाजला. दोनदा मी लायटर विझवून खाली ठेवला, त्यानंतर वाजला. प्रोफायलर म्हणतो, सगळं ठीक. ते मोठे आकडे सगळेच खोटे नव्हते; कधीकधी प्रोसेसर खरंच तेवढा वेळ अडकून पडत होता. मारेगावला कापूस ओढणाऱ्या बाया आत्ता ढिगात कमरेपर्यंत उभ्या असतील. यंत्र बसलं की जुना पहारेकरी काढणार आहेत, कारण यंत्र पाहतं.

कंपनीच्या साहेबांना पाच वेळा फोन लावला. गाडीवाल्याचा बंद येतो. सहाव्यांदा रिंग वाजते आहे आणि दुसऱ्या हाताने मी हे लिहितो आहे. माझ्या लक्षात आलं नाही, असं सांगता येईल. कोणीही मानेल. तुम्हीही मानलं होतं.

पण उस्ताद, त्या दिवशी तार सोडवण्याआधी मी टाकीला हात लावला होता. बोटाला फोड आला होता. तुम्हाला दिसू नये म्हणून आठवडाभर मी डाव्या हाताने पाना धरला. आज सकाळीही, आकडा टाकून देणाऱ्या त्या तिसऱ्या ओळीवर माझं बोट थांबलं होतं.