बाईंच्या नावाचा नारळ

११ फेब्रुवारी १९९७, महाड
लिहायला बसण्याचं कारण एकच. काल शाळेच्या सभेत शिक्षकांना एकच प्रश्न मला तीनदा विचारावा लागला. कान शाबूत आहेत. लक्ष नव्हतं. मुख्याध्यापिकेचं लक्ष सुटलं की तिचं कुणी ऐकत नाही. परकारबाईंचा वर्ग वरच्या मजल्यावर न्यायचं मी सुचवलं, ते हसण्यावारी गेलं.

बी.ए.ची मानसशास्त्राची वही माळ्यावरून काढली. पुण्यात पाठ करून पास झाले, वापर कधी केला नाही. आता करणार. खुणा : ल. म्हणजे लक्ष. व. म्हणजे माणसांवरचं वजन. दोन्हींची नोंद ठेवायची.

१४ फेब्रुवारी
ल. : शाळेला जाताना महाड-पोलादपूर एस.टी.त पुस्तकाचं एक पान. मन भटकलं की समासात टिंब. अकरा टिंबं. लाज वाटली.
व. : आधी छोटं काम मागावं, मग मोठं. क्लार्कला म्हटलं, "तेवढी खिडकी लावता का?" लावली. मग म्हटलं, "रजिस्टर आजच पुरं करा." केलं! दोन महिने ओरडून झालं नव्हतं.

२० फेब्रुवारी
ल. : सात टिंबं. टेबलावर एका वेळी एकच कागद. बाकीचे पाठीमागच्या कपाटात, दिसायलाच नकोत.
व. : बोलून झालं की गप्प राहायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. आपल्याला हवं ते तोच बोलून जातो. शिक्षकसभेत केलं. वर्ग वर गेला.

परतीच्या गाडीत परकारबाई (गणित शिकवतात, महाडला माझ्या शेजारीच राहतात) म्हणाल्या, "बाई, ओरडायचात तेच बरं होतं. आता गप्प बसलात की नको ते कबूल करून बसते मी." मी हसले नाही. मोजायला लागले. त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

२ मार्च
वनिता कळंबे, दहावी. शाळेत पहिली येईल. डोंगरातल्या वाडीवरून रोज दीड तास चालत येते. बाप, रामा, तिला परीक्षेनंतर घरी बसवणार. मागे दोनदा जाऊन भाषण दिलं. "हां बाई, हां बाई," म्हणाला आणि जागचा हलला नाही.

आज भाषण नाही. सल्ला विचारला. तुमच्या वाडीतली पोरं पाठांतराला पक्की आणि गणितात कच्ची, असं का? अर्धा तास बोलला. पाणी आलं, चहा आला. मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. एकही टिंब पडलं नसतं. वनिताचं नाव काढलं नाही. उठताना तोच म्हणाला, "शिमग्याला या बाई. मुंबईची पण सगळी असतात."

२६ मार्च
काल वाडीत शिमग्याची गावकीची बैठक, देवळापुढे. बोलायला दोन मिनिटं मागून घेतली. विचारलं, "ह्या वाडीतली पहिली बारावी झालेली मुलगी कुणाच्या घरची असेल?"
गप्प. मी मनात मोजत होते. चौदावर रामा उठला. "माझ्या."
वाडीचे गावकर, म्हणजे प्रमुख, म्हातारे, अंगाने काडी पण आवाज खणखणीत : "बोललास रे रामा?"
"बोललो."
"मग ठेव नारळ."
देवापुढे नारळ ठेवला. माझ्या, म्हणजे बाईंच्या नावानं. पोर बारावी झाली की फोडायचा, तोवर तिथेच.
व. : चारचौघांत स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द माणूस मोडत नाही. वहीत अगदी हेच आहे. खूश.

१५ जुलै
वनिता अकरावीत, आमच्याच शाळेत. ल. दोन टिंबं.

३० ऑगस्ट
वनिता तासाला पेंगते. परकारबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं. महिन्यापूर्वी आईचं डावं अंग लुळं पडलं. वनिता पहाटे सगळं उरकून निघते. दिवसभर रामा शेतही बघतो आणि चूलही. वाडीत चेष्टा : "रामाकाकू, चहा टाक गो!" परवा तो शेतात असताना आई उठायला गेली आणि पडली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात पडून होती.
वनिताला म्हटलं, महिनाभर रजा घे. म्हणाली, "बाबा घेऊ देनार नाय."

१८ सप्टेंबर
वनिता ऑफिसात आली. बसली नाही.
"बाई, माझ्या बाबाला सोडवा."
"कुणी बांधलंय त्याला?"
"तुम्ही. नारळ तुमच्या नावाचा हाय. तो म्हणतो, देवापुढं बोललोय, एक दिवस पण घरी बसायचं नाय. आये पडली तरी ऐकत नाय."
"तुला शिकायचं नाही?"
"शिकायचंय. पन आये उंबऱ्यात पडलेली असताना नाय."
मी गप्प राहिले. सवयीनं मोजायला लागले. नवावर होते तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुम्ही शिमग्याला पन असंच गप बसला होता ना?"
दहा म्हणायचं राहिलं.

१९ सप्टेंबर
मागचं सगळं वाचून काढलं. २ मार्च : "पाणी आलं, चहा आला." कुणी आणला, ते लिहिलेलं नाही. हिरव्या बांगड्यांचा हात आठवतो. चेहरा नाही. नजर हलवली नाही, याचाच अभिमान. त्या घरातलं काम कोण करतं हे बघितलं नाही, मग ते हात थांबले तर काय, हे कुठून सुचणार?

आणि हेही खरं की वनिता घरी बसली तर परत येणं कठीण. आजवर अशी एकही परत आलेली मी पाहिलेली नाही.

परकारबाईंना गाडीत सांगितलं.  त्या : "सोडलंत तर पोरीची शाळा गेली. नाही सोडलंत तर आईचं काय होईल सांगता येत नाही. मी तुमच्या जागी नाही, अल्लाची मेहरबानी." उतरताना म्हणाल्या, "वाडीवर जाल तेव्हा माझी एक वही घेऊन जा."

रामाला आणि वनिताला, दोघांनाही माझ्या मनासारखं वळवायची युक्ती वहीत सापडेल. तेच नको. वही परत माळ्यावर टाकली.

२१ सप्टेंबर, रविवार
वाडीवर गेले. आधी आईजवळ बसले. नाव विचारलं. रामा सांगायला लागला, त्याला थांबवलं. तिला जीभ वळवायला वेळ लागला. मी थांबले. मोजलं नाही. "पार्वती." मग उजव्या हाताने वनिताला खूण केली, चहा टाक म्हणून.

देवळात गावकर म्हणाले, "ज्याच्या नावाचा, त्यानंच उचलायचा. उचललात की रामा मोकळा." चारपाच माणसं होती. त्यांच्यासमोर म्हटलं, चुकलं माझं, घरात न विचारता शब्द घेतला. रामा खाली बघून म्हणाला, "मी नाय हो मागितला परत." लाज की सुटका, मला कळलं नाही.
नारळ उचलला. आतली वाटी सुटली आहे, हलवला की वाजतो.

वाटेवर वनितानं विचारलं, "आता मी काय करू बाई?"
उत्तर तोंडाशी आलं होतं. "बाबाला विचार, आईला विचार, मग तू ठरव," म्हटलं.

तिच्या हाती दिलं :
नारळ एक, न फोडलेला.
परकारबाईंनी स्वतः सोडवलेल्या गणितांची वही एक.
अर्ज दोन. एक शाळेतून नाव काढण्याचा, एक दिवाळीपर्यंतच्या रजेचा. दोन्हींवर माझी मंजुरीची सही आहे, तारीख कोरी.
पोच घेतली नाही.