विरोधी बाकावरची पाच वर्षे

प्रिय ठमाबाई,

शहर उभारण्याच्या तुमच्या कंपनीच्या संगणकावरील खेळातून निवडणूक काढून टाकायची की ठेवायची, याचा निर्णय शुक्रवारी होणार, हे सांगताना परवा फोनवर तुझा आवाज पडला होता. दोन वर्षे खपून तू ती रचलीस, आणि तुझे साहेब म्हणतात, हरलेला माणूस चिडतो आणि खेळ सोडतो. त्याविषयी मला काही निवेदन करायचे आहे.

गेले चार महिने मी तुमचा खेळ खेळतो आहे. तू हसशील म्हणून बोललो नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने चालवावे तसे मी शहर चालवले: बस वेळेवर, पाणी चोवीस तास, नागरिकांचे सरासरी समाधान ब्याऐंशी टक्के. तरी पहिल्याच निवडणुकीत सपशेल आपटलो. मोजणीतच खोट आहे, असे ठरवून खेळ बंद केला. तिसऱ्या दिवशी न राहवून पुन्हा उघडला, तेव्हा तुझी आई शेजारी भाजी निवडत होती. चष्मा वर करून म्हणाली, "अहो, सगळ्या बागा नदीच्या एकाच काठाला? पलीकडच्यांनी काय तुमच्या सरासरीत फिरायला जायचं?" पाहिले, तर खरेच. तीन प्रभागांनी मला डोक्यावर घेतले होते. उरलेल्या चारांकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. आणि महापौर ठरतो तो प्रभागांच्या बहुमताने! नियम पहिल्याच पानावर होता. मी तो वाचलाच नव्हता. मी!

पडद्यावर तुझी विचारणा थांबलेली होती: विरोधी बाकावर बसणार का? बसलो. ठमे, काय सांगू! खेळातली पाच वर्षे हाती सत्ता नाही, फक्त सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार. नव्या महापौराने कचरा डेपो शाळेच्या दारात आणला; सहा सभा लावून धरले आणि तो हलवायला लावला. नदीवरचा पूल मंजूर झाला, तेव्हा आम्ही दोघांनी अशा टाळ्या पिटल्या की खालचे डॉक्टर धावत वर आले. "सत्तेवर होतात तेव्हा एवढे कामाचे नव्हतात," असे तुझ्या आईचे मत पडले.

आता मूळ मुद्दा. "मतमोजणी सदोष असून निवडणूक तत्काळ रद्द करावी," ही नऊ कलमी तक्रार साहेबांनी पुढे केली आणि तू ती मला चिडून वाचून दाखवलीस. ती माझी आहे. हरलो त्याच दिवशी पाठवली होती. तू वाचत होतीस, मी माझे स्वल्पविरामसुद्धा ओळखत होतो, आणि तोंड उघडण्याचे धैर्य झाले नाही. आज ती लेखी मागे घेतली. त्याची प्रत सोबत आहे. ती आणि हे पत्र, दोन्ही साहेबांपुढे ठेव. माझे नाव लपवू नकोस. चिडलेला माणूस परत येतो, हे त्यांना सहीनिशी कळू दे. खेळातले पुढचे मतदान रविवारी आहे. या खेपेस नदीपलीकडे माझी हवा बरी आहे. आणि पडलोच, तर आणखी पाच वर्षे मजेत.

तुझाच,
बाबा
(माजी महापौर)