मिशा काढायच्या राहिलेली काच

माय, परवा शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी मला ओढतच बोलपटाला नेलं. नंदुरबारात आता पत्र्याचं थिएटर झालंय. आत बाकं आहेत, बायकांची बाजू वेगळी आहे आणि वारा म्हणून नाही. मुख्य चित्र सुरू व्हायच्या आधी त्यांनी एक छोटंसं विलायती चित्र दाखवलं, सगळं हाताने काढलेलं. त्यात एक किटली होती. तिची चोच लांबली, वाकली, तिची सोंड झाली, मग किटलीला कान फुटले आणि ती हत्ती होऊन चालायला लागली. लोक हसून हसून बेजार. शेजारच्या बाईंनी तर तोंडात पदर कोंबला. मी मात्र पुढे सरकून बसले होते, कारण मला एकच पाहायचं होतं, की सगळं बदलत असताना काय जागचं हललं नाही. ती झाकणावरची गोल मूठ होती. तीच पुढे हत्तीचा डोळा झाली. ते सापडलं आणि वाटलं, आत्ताच्या आत्ता तुला सांगावं. तुला जाऊन माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य झालं, तरी असं अजून वाटतं.

हे पत्र तुला वाचता आलं नसतं, मला ठाऊक आहे. आणि ज्या मराठीत लिहितेय ती आपण घरात कधी बोललो नाही. ती मी शाळेत शिकले आणि आता तिच्यावरच पोट भरते. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "काय मामलेदारगत बोली ऱ्हायनी वं!" बोलू दे. मला दुसऱ्या भाषेत लिहिता येत नाही.

आबांनी सुरतेच्या एका पारशाकडून दिव्याच्या त्या दोन पेट्या आणल्या तेव्हा आपल्या कोरीट गावात सगळ्यांनी त्यांना खुळ्यात काढलं होतं. शेती काका बघत, आणि त्यांचा हा भाऊ पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन स्टेशनवर उतरतो! प्रत्येक पेटीत रॉकेलचा दिवा, पुढे भिंग, मध्ये काच सरकवायची खाच. काचेवर जे रंगवलेलं असेल ते पडद्यावर माणसाएवढं दिसे. एका पेटीचं झाकण हळूहळू मिटायचं आणि त्याच वेळी दुसरीचं उघडायचं, की पहिलं चित्र विरता विरता त्याच्यातूनच दुसरं वर येई. कळीचं फूल होई, बीचं झाड होई. झाकणं आबांची, पण काचा तुझ्या. लग्नात भिंतीवर चित्रं काढणारी म्हणून तुझं नाव होतं, आणि आबांना काचेवर एक रेघ सरळ मारता येत नव्हती. तू पहिली रंगवलेली काच खिडकीला टेकवायचीस, तिच्यावर कोरी काच ठेवायचीस आणि दुसरं रूप पहिल्यावर बेतायचीस. तुझा एकच नियम होता, "डोयावर डोया पडना पाह्यजे." डोळ्यावर डोळा बसला की बाकीचं कितीही बदलो, बघणाऱ्याला ते एकाच जिवाचं वाटतं, असं तू मानायचीस.

मग माझा धाकटा भाऊ गेला. तापाने गेला, तिसरं वर्षही पुरं झालं नव्हतं त्याचं. मला त्याचं फार आठवत नाही. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते तेवढं मात्र पक्कं आठवतं, कारण तेल लावताना तू दर वेळी त्यावर बोट ठेवून त्याला चिडवायचीस, "दोन भोवरा, दोन बायका! एक रांधी, एक भांडन करी!" आणि तो काही न कळता टाळ्या पिटायचा.

तो गेल्यावर तू बरेच दिवस कुंचला धरला नाहीस. मग एका पावसाळ्यात अचानक मला खिडकीसमोर बसवलंस. मी आठ वर्षांची आहे, पाटावर मांडी घालून बसलेय, नाकावर माशी बसलीय आणि ती हाकलायची मला परवानगी नाही. "हालू नको वं. तू हालनी ते नाक वाकडं व्हई जाई." खिडकीच्या गजाला तू एक हातभर आरसा बांधलायस. उजेड काचेवर पाडायला असेल, असं मी धरून चालते. तू माझ्याकडे बघतेस, पण ते बघणं माझ्यासाठी नाही. माझ्या गालातून, हनुवटीतून तू दुसरंच कुणीतरी वेचून घेतेयस. दोन-तीन दिवसांनी मी विचारलं, "माय, हाई कोन शे?" तू कुंचला न थांबवता म्हणालीस, "तुन्हा भाऊ. मोठा व्हई ऱ्हायना."

तेव्हा मला कळलं की तू त्याला वाढवते आहेस. पहिल्या काचेवर तो होता तसाच, मग शाळेत जायच्या वयाचा, मग मिसरूड फुटायच्या आधीचा, आणि शेवटी बाप्या माणूस. मला त्याचा राग आला, माय. लपवण्यात अर्थ नाही. मी जिवंत होते, तुझ्यासमोर पाय आखडून बसले होते, आणि तुझ्या डोळ्यांत मी फक्त नमुन्यापुरती होते. पण माझ्याकडे इतकं एकटक तू आधी कधी पाहिलंही नव्हतंस, म्हणून रोज हाक मारायच्या आधीच मी पाटावर जाऊन बसायची.

शेवटच्या काचेवर मिशा काढायच्या राहिल्या. कशा असतील ते तुला ठरवता येईना. पागोट्याची जागाही तू कोरीच ठेवलीस, म्हणालीस, आधी बघू तरी कसा दिसतो ते. दिवेलागणीला आबांनी मागच्या भिंतीवर पेट्या लावल्या. त्याचा लहानगा चेहरा उमटला आणि तुझा श्वास मला ऐकू आला. तो विरला, त्यातून दुसरा वर आला, आणि आबांचा हात झाकणावरच थांबला. ते फार हळू म्हणाले, "हाई ते आपली पोर शे. पोऱ्या कोठे शे?"

भिंतीवर मी होते, हातभर मोठी, गाल फुगवलेली, माशीने वैतागलेली. मला इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी तुझ्याकडे बघायची हिंमत होईना. आबांनी पुढच्या काचा घाईघाईने दाखवल्या आणि दिवे मालवले. तुझा मुलगा तुझ्याच हाताने दुसऱ्यांदा हरवला होता, हे मला आठव्या वर्षीही समजलं.

त्या हिवाळ्यात आपण सारंगखेड्याच्या जत्रेला गेलो. तापीकाठी दूरदूरवर घोडेच घोडे आणि धुळीत गुळाच्या जिलेबीचा वास. जत्रा घोड्यांची, म्हणून आबांनी तुझ्याकडून शिंगराचा घोडा होणाऱ्या काचा करून घेतल्या होत्या. पडदा ओला करून मागून चित्र पाडायचं, त्यामुळे तू आणि मी पडद्याच्या आतल्या बाजूला, माणसं बाहेर. आपल्याला फक्त त्यांचे आवाज. शिंगरू उमटलं तेव्हा वा वा झाली. आबांनी झाकणं फिरवायला घेतली, शिंगराचं तोंड लांबायला लागलं, आणि बाहेरून कुणीतरी गरजलं, "अरे, हाऊ घोडा कोन लई उना? कपायले दोन भोवरा शेतस! फुकट दिधा तरी कोनी लेवाव नही!" सगळी जत्रा हसली. कपाळावर दोन भोवरे म्हणजे खोडीचा घोडा, घरात आणला तर धन्याला खातो, असं तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तू डोळ्यावर डोळा बसवला होतास, पण शिंगराचं तोंड आखूड आणि घोड्याचं लांब. त्यामुळे एकाचा भोवरा एके ठिकाणी पडला, दुसऱ्याचा दुसरीकडे, आणि अधल्यामधल्या घडीला दोन्ही एकदमच दिसले. बाकी कुठल्या गावात हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नसतं.

तुझं तोंड उतरलं. मला वाटलं खेळ पडला म्हणून. आबा बाहेर जाऊन हात जोडत होते. तो ओरडणारा घोड्यांचा व्यापारी होता, बारा गावचं पाणी प्यायलेला, पण मनाने वाईट नसावा. त्याने आबांना समजावलं, "भोवरा जागा सोडस नही, भाऊ. शिंगरू असो का घोडा, तो तठेच ऱ्हास. तोंड वाढस त्याना आजूबाजूले." आणि तेव्हा तू, जी परक्या माणसासमोर कधी ब्र काढत नव्हतीस, पडद्याआडून बोललीस, "आन दोन भोवरा व्हतीन ते?"

घोड्याचं विचारतेयस असंच त्याला वाटलं असणार. "मंग दोन्ही तठेच ऱ्हातस, बहीण. मरेपावत."

घरी परतताना गाडीत तू माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि सबंध रस्ता माझ्या केसांतून बोट फिरवत राहिलीस. माझा भोवरा एकच. तो तुला सापडला तेव्हा बोट तिथे थांबलं, मग पुन्हा फिरायला लागलं.

होळीच्या आधी तू नव्या काचा पुऱ्या केल्यास. या वेळी मला बसवलं नाहीस. पुन्हा तीच मागची भिंत, तीच दिवेलागण. आबांनी पहिली पेटी उघडली आणि भिंतीवर भाऊ होता, पाठमोरा. लहानसं डोकं, बारीक मान, आणि मधोमध दोन भोवरे, तेलाने चोपडलेले. झाकण फिरलं. मान जाड झाली, कान मोठे झाले, खांदे रुंदावले, अंगात बंडी आली, पुढे खांद्यावर आसूड आला, आणि भोवरे होते तिथेच राहिले. डोळ्यावर डोळा नव्हताच, भोवऱ्यावर भोवरा होता. या वेळी कुणी विचारलं नाही की हा कोण. आबा रडायला लागले, अगदी मोठ्याने, आणि म्हणाले, "एकदा तरी इकडे तोंड फिराव ना रे भाऊ." तू त्यांच्या हातावर हात ठेवलास. "जाऊ द्या त्याले," तू म्हणालीस. "वावरमा काम शे त्यानं."

दुसऱ्या दिवशी तू आधीच्या काचा फडक्यात गुंडाळून मला दिल्यास. भावाची लहानपणची काच तेवढी ठेवून घेतलीस. "ह्या तुन्ह्या शेतस," म्हणालीस. मी शेवटची काच वर केली, मिशा नसलेली, डोक्यावर काही नसलेली. "हाई बी?" तू माझ्याकडे पाहिलंस, या वेळी खरोखर माझ्याकडे, आणि म्हणालीस, "ठेव."

मी असं धरलं की मोठेपणी मी अशी दिसणार. किती वर्षं ती काच माझ्याबरोबर फिरली! मी सासरी जायच्या आधीच तू गेलीस. सासरहून मी परत आले, ट्रेनिंगला गेले, शाळेत लागले, आणि अधूनमधून ती काच उजेडात धरून आरशात बघायची, की जमलं का. कधीच जमलं नाही. काचेवरच्या भिवया नाकावर जुळलेल्या, माझ्या कुठल्या कुठे. मी आपली आत्यावर गेले. मनात म्हणायची, मायचा हात इतका साधलेला, पण माझ्या बाबतीत चुकलाच.

मागच्या दिवाळीत नवापूरला मावशीकडे गेले होते. म्हातारी आता ओसरीवरच असते, पण दृष्टी चांगली आहे. तिने विचारलं, मायचं काही आहे का तुझ्याकडे. फोटो तर तुझा कुणी काढलाच नाही. मी बरोबरच्या ट्रंकेतून काचा काढून दिल्या. तिने शेवटची दाराकडे धरली आणि पुन्हा जवळ घेऊन पाहिली. "हाई ते मन्ही बहीण शे," ती म्हणाली. "मन्हा आरसा मांगी लई गई व्हती ती, पोऱ्याना मोठेपनना चेहरा काढना शे म्हने. माघारी दिधाच नही." मग डोळे पुसत हसली, "देख, भिवया. आमना बापन्या भिवया."

म्हणजे खिडकीला बांधलेला आरसा उजेडासाठी नव्हता. लहानपणापुरता माझा चेहरा पुरला. तो बाप्या झाल्यावर कसा दिसेल हे शोधायला मात्र मी उठून गेल्यावर तू तुझ्या स्वतःत डोकावत होतीस.

हे कागद मी घडी करून काचांच्या फडक्यातच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकू? पण एक राहिलं. मावशी बोलली तेव्हा मी मान डोलावली आणि म्हटलं, "हा, माले माहीत शे." मला माहीत नव्हतं, माय. तुझे हात मला आठवतात, रंगाने हिरवी झालेली नखं आठवतात, "हालू नको" म्हणतानाचा आवाज अजून कानात आहे. तुझा चेहरा मी विसरले होते. मावशीला हे सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगतेय.