भिशीची खजिनदार, ऑगस्ट ते डिसेंबर

४ ऑगस्ट
कारखान्यात नोटीस. हिऱ्यांना परदेशात गिऱ्हाईक नाही, म्हणून महिन्यातून पंधरा दिवस काम आणि अर्धा पगार. हॉलभर रडारड. मी शांत. मी कच्चे हिरे स्कॅन करते, मोजमाप मायक्रॉनमध्ये. जिला मायक्रॉन कळतो तिला अर्धा पगार पुरवता येतो. शेजारच्या टेबलावरच्या पाकोने गेल्याच महिन्यात हप्त्यांवर सोफा घेतला. माणसं अशी वागतात, मग संकटाला दोष देतात.
माझा फ्रिज हप्त्यांवर आहे, पण ती गोष्ट वेगळी. त्यात भाजी कुजत नाही.

९ ऑगस्ट
गावाहून सेथुन्यामावशीचा फोन. गुरांच्या विहिरीवरचं इंजिन कायमचं बसलं. अकरा गुरांचं पाणी ती हाताने शेंदते आहे. म्हणाली, डिसेंबरात भिशी फुटून वाटप झालं की माझ्या वाट्यात नवीन इंजिन येईल, तोवर माझे दंड आहेतच. पैसे नीट आहेत ना गं? मी म्हटलं, तक्त्यात आहेत. "तक्त्यातले नकोत, खरे सांग," म्हणाली. मावशीला कॉम्प्युटरमधलं कळत नाही.
भिशी सातजणींची, मी धरून. मला खजिनदार मावशीनेच केलं. बाकीच्या म्हणत होत्या, पोर तिकडे राजधानीत, गाबोरोनला राहते, तोंडातून शब्द काढत नाही, भरवसा कसा धरायचा? मावशी म्हणाली, हिला मी जामीन.

३१ ऑगस्ट
नियम असा: प्रत्येकीने भिशीच्या पैशांतले हजार पुला बाहेर कर्जाने फिरवायचे आणि दरमहा दोनशे व्याज आणायचं. गिऱ्हाईक मिळो न मिळो. बाकीच्या दारोदार जातात, वसुलीसाठी भांडतात. मला ते जमत नाही. म्हणजे, पटत नाही. जानेवारीपासून मी ते हजार स्वतःलाच कर्जाऊ दिले आहेत. वसुली शंभर टक्के.
या महिन्यात दोनशे कमी पडले. भिशीच्या खात्यातून काढले आणि भिशीत भरले. बेरीज जुळली.

१२ सप्टेंबर
फ्रिजचा हप्ता सातशे ऐंशी. दुकानदार म्हणाला, बाई, जड जात असेल तर परत करा. परत केला तर भरलेले अकरा हप्ते बुडाले. हिशेब स्पष्ट आहे. भिशीतून तात्पुरती रक्कम हलवली. घरभाड्याचीही.

२७ सप्टेंबर
झटपट कर्जाच्या दुकानातून दोन हजार, महिना तीस टक्क्यांनी. तारण म्हणून त्यांनी माझं एटीएम कार्ड ठेवून घेतलं, पिनसकट. बरंच झालं. माझ्या हातून उधळपट्टी होणार नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, तुमच्यासारख्या शिकलेल्या बऱ्या, वाचत न बसता सही करतात.
मी वाचलं होतं. दोनदा.

८ ऑक्टोबर, दुपारी १.४०
बाहेर ऊन एकोणचाळीस अंश. सकाळपासून तक्ता सहा वेळा उघडला. आकडे तेच. भिशीच्या ग्रुपवर संदेश टाकला: संकटकाळात प्रत्येकीने आपली वैयक्तिक जबाबदारी ओळखावी, व्याज वेळेवर द्यावं. पाच अंगठे आले. मावशीचा आवाजी निरोप आला: "माझ्या अंगठ्याला फोड आलाय, म्हणून बोलून सांगते. शाबास, पोरी." मग म्हणाली, पाणी खाली गेलंय, दोर आणखी दोन हात सोडावा लागतो. पांढरी गाय सकाळी उठलीच नाही.
उठेल.

२ नोव्हेंबर
या महिन्यात काम अजिबात नाही. भिशीतला फरक सोळा हजार सातशे. (तूट म्हणत नाही. हिऱ्यांचे भाव चढले की भरून निघतो तो फरक.) माझा स्वतःचा वाटा, सगळ्यांइतकाच आठ हजार चारशे, त्यात वळता केला, तर राहतात फक्त आठ हजार तीनशे. जवळजवळ निम्मं फेडलं.

१९ नोव्हेंबर
मावशीला समोर बसवून सांगायचं ठरवलं. बसमध्ये बसले. गावाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरले. तासभर उभी राहिले, परतीची बस धरली. ऊन फार होतं. शिवाय आलेखांशिवाय सांगणं तिच्यावर अन्याय झाला असता.

२९ नोव्हेंबर
दुकानवाले फ्रिज घेऊन गेले. वीजबिल कमी येईल.

१३ डिसेंबर
भिशी फुटली. मावशीच्या अंगणात सगळ्याजणी. मी लॅपटॉपवर जगाच्या हिरेबाजाराचे चौदा आलेख नेले होते. तिसऱ्यालाच केदीची आई म्हणाली, "हा जो डोंगर घसरलाय, ते आमचे पैसे का गं?" म्हटलं, ढोबळमानाने. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. एक म्हणाली, चला मुखियाच्या चावडीवर. दुसरी म्हणाली, जबाबदारीचे धडे देत होती बया! मी अकरावा आलेख काढत होते, त्यात सुधारणेची चिन्हं आहेत.
मावशी म्हणाली, "जामीन मी आहे. पाचजणींचे आधी मोजून द्या. उरेल ते माझं."
उरले शंभर.
तिने ते रुमालात बांधले. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा एवढंच म्हणाली: "कारखाना बंद आहे ना तुझा?"

१६ डिसेंबर, मावशीची विहीर
गुरं दहा. पांढरी गेली. मावशी हातांना फडकी बांधून सावलीत बसली आहे, दोर माझ्याकडे. मी आधी गणित केलं: जनावरामागे तीस लिटर, बादली पंधरा लिटरची, म्हणजे वीस बादल्या. दोन तासांत संपायला हवं.
सत्तावीस झाल्या. चार गुरं अजून प्यायची आहेत. जी प्यायली तीही परत रांगेत आली आहेत. मावशी म्हणते, वही खाली ठेव.