सुभेदाराचं नाणं

४ जून
नोकरी लागली, राहायला मालकांच्याच माडीवर दोन खोल्याही मिळाल्या! बायको सकाळपासून पडदे लावतेय आणि मला हुकूम सोडतेय. मालक म्हातारे, एकटे, बोलायला गोड. त्यांना एकच नाद: इराणी बादशहाच्या अमलाखालच्या ग्रीक शहरांनी पाडलेली चांदीची नाणी. मखमलीच्या खणांत ती ओळीने ठेवलेली असतात. मी त्यांचं वजन करून चिठ्ठ्या लावायच्या. सराफाच्या दुकानात चांदीला झिलई देण्यात उमेदीची वर्षं गेली. आता तिला नुसतं न्याहाळायचं. बायको म्हणाली, बसून खायचंच काम मिळालं की तुम्हाला.

६ जून
मालकांनी ताकीद दिली, नाणं कधीही घासायचं नाही. चांदीवरचा काळा थर ही म्हणे नाण्याची कातडी. मी हसू दाबलं. आमच्या धंद्यात चांदी काळी पडली की दुकानाची अब्रू गेली. सगळ्यात काळं नाणं एका सुभेदाराचं आहे. कान झाकणारी मऊ टोपी, टोकदार दाढी, तोंड उजवीकडे. बादशहाचा नोकर, पण जिवंतपणीच स्वतःचा चेहरा नाण्यावर उठवून घेतला! ऐट बघा.

९ जून
हात शिवशिवत होते. दुपारी मालक आडवे झाल्यावर सोड्याने सुभेदाराला घासलं. काय लखलखला! कौतुकाने वर नेऊन बायकोच्या तळहातावर ठेवला. तिने अंगठ्याने त्याचा गाल पुसला आणि म्हणाली, किती गार आहे हो हा. मी लगेच नाणं जागेवर ठेवून आलो.

१२ जून
बायकोची मान आखडलीय असं वाटलं. सारखी उजवीकडे बघते. मी समोर गेलो, तर तिची एकच बाजू दिसली. पलीकडून गेलो, तरी तीच बाजू. ती हसली, म्हणाली, काय घिरट्या घालताय माझ्याभोवती? मला हसू आलं नाही. तिचे हात बर्फासारखे आहेत.

खणातल्या सुभेदाराने तोंड माझ्याकडे वळवलंय.

१३ जून
मालकांना सगळं सांगितलं, पाय धरले. ते रागावले नाहीत, याचीच भीती वाटली. म्हणाले, काळ्या थराने तो आत कोंडला होता, तुम्ही त्याला वाट मोकळी केलीत. तो निघाला की जागा रिकामी राहत नाही. ज्याचा हात शेवटी त्याच्या चेहऱ्याला लागला, त्याला ती भरावी लागते.

मीच दिलं तिच्या हातात. मीच.

१४ जून
उकडलेल्या अंड्यांनी चांदी काळी पडते. नाणं अंड्यांबरोबर डब्यात घालून झाकण लावलंय. घरभर घाण वास. काळं पड रे बाबा, लवकर पड. तिचं बोलणं थांबलंय. एका डोळ्याने माझ्याकडे बघत बसते.

१५ जून
अंथरूण रिकामं.

डबा उघडला. टोपी नाही, दाढी नाही. तिचा अंबाडा. तिची हनुवटी.

खाली मालकांशी कुणीतरी जाड आवाजात बोलतंय. भाषा कळत नाही.

१६ जून
घासून घासून बोटं सोलली. मला आत घे, तिला सोड, म्हणून रडलो. मालक दाराआडून म्हणाले, उपयोग नाही, तेवढा जुना थर घासून काढला तरच वाट मोकळी होते, आणि तो पुन्हा चढायला दोन हजार वर्षं लागतील.

नाणं खणात ठेवलं की थरथरतं. थंडी वाजतेय तिला. मुठीत धरलं की शांत होते. दिवसभर मूठ सोडली नाही.

आता उघडून पाहिली, तर — तिचं नाक पुसट झालंय.

१७ जून
धरलं की झिजते. ठेवलं की कुडकुडते —

रुमालात गुंडाळलं, दिव्याजवळ ठेवलं. नाही. हाताचीच ऊब हवी तिला.

कपाळ गेलं. अंबाडा गेला. देवा, मी काय करू —

१८ जून
फक्त ओठ राहिलेत. हलताहेत. धरा म्हणतेस की सोडा म्हणतेस? कळत नाही गं मला —

थांब, कानाशी लावतो. अलगद धरतो, अंगठा ओठांवर येऊ देत नाही, फक्त कानाशी —

बोल. पुन्हा बोल. कानाला नुसती गुळगुळीत चांदी लागतेय. काय म्हणा—